बीपीचं मशीन बोलतं, पण काय काय?

कर्जत स्टेशनबाहेर किंवा खोपोलीच्या बाजारात मेडिकलमध्ये 'बोलणारं बीपी मशीन' मागितलं, की दुकानदार खोका उघडतो, बटण दाबतो, आवाज येतो आणि गिऱ्हाईक खूश होतं. मधुमेहाने किंवा काचबिंदूने नजर अधू झालेल्या माणसाला हा आवाज मोठाच आधार. तरीही मशीन निवडताना आवाजाचा विचार नंतर करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

1905 मध्ये रशियाच्या निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी धमनीतले ठोके स्टेथोस्कोपने ऐकून रक्तदाब मोजायची रीत सांगितली. घरचं डिजिटल मशीन मात्र ठोके ऐकतच नाही. दंडावरच्या पट्ट्यातल्या हवेला धमनीमुळे जे हेलकावे बसतात, ते त्यातला सेन्सर टिपतो. हेलकावे सर्वांत मोठे, तिथे सरासरी दाब. वरचा आणि खालचा आकडा मशीन त्यावरून हिशेबाने काढतं, आणि तो हिशेब ज्या त्या कंपनीचा स्वतःचा, बहुधा गुपितच. म्हणून नुसतं कंपनीचं नाव पाहून भागत नाही. नेमकं तेच मॉडेल आंतरराष्ट्रीय निकषाप्रमाणे किमान 85 माणसांवर तपासलेलं हवं. अशा मॉडेलांची यादी 'स्ट्राइड बीपी' या संकेतस्थळावर आहे. घरातल्या कुणाला तरी मोबाइलवर बघायला सांगा.

मग पट्टा. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी 2023 मध्ये दाखवून दिलं, की अतिमोठा पट्टा लागणाऱ्या माणसाला नेहमीचा पट्टा बांधला, तर वरचा आकडा सरासरी 19.5 ने जास्त येतो. घरच्या मोजमापात 135/85 ही उच्च रक्तदाबाची सीमा धरतात. तेव्हा चुकीचा पट्टा धडधाकट माणसालाही गोळ्या सुरू करायला लावेल. दंडाचा घेर शिवणाच्या टेपने मोजूनच दुकानात जा. मनगटावरची मशीन टाळलेली बरी: मनगट हृदयाच्या पातळीला नसलं की आकडा बदलतो, आणि ती पातळी नजरेविना साधणं अवघड.

आता आवाज. बरीच मशीन शेवटचे आकडे तेवढे बोलतात. पट्टा सैल बसला, हात हलला, सेल उतरले, ठोके अनियमित आहेत, या सगळ्याला पडद्यावर एखादं चित्र किंवा अक्षर, आणि तोंडाला कुलूप. न दिसणाऱ्याला गरज नेमकी तिथे असते. नाडीचा आकडाही बोलला पाहिजे. काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब घालणाऱ्यांना तर तो हवाच, कारण डोळ्यात घातलेलं हे औषध रक्तात उतरून नाडी मंद करू शकतं. आवाज हिंदी असेल तर आणखी एक गोम आहे. 79 म्हणजे 'उनासी' आणि 89 म्हणजे 'नवासी'. खालचा आकडा ऐकताना गफलत झाली तर निदानच बदलतं. पुन्हा ऐकवायचं बटण असलेलं मशीन म्हणूनच घ्यावं.

बटणं गुळगुळीत काचेवरची नकोत, बोटाला लागणारी हवीत. पट्ट्यावर धमनीची खूण छापलेली असते, ती न दिसणाऱ्याच्या काय कामाची? तिथे जाड दोऱ्याचे दोन टाके घाला. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर ठेवायची, तेही बोटांनीच कळतं. पावसाळ्यात आपल्याकडे लाइटचा भरवसा नसतो, त्यामुळे साध्या पेन्सिल सेलवर चालणारं मॉडेल सोयीचं.

दुकानात डोळे मिटून बसा आणि पट्टा बांधण्यापासून आकडा ऐकण्यापर्यंत सगळं स्वतः करून बघा. जमलं नाही तर मशीन परत द्या, मग ते कितीही गोड बोलो. घेतलंत तर पहिल्याच आठवड्यात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या, पाच मिनिटं शांत बसा आणि तिथलं माप आपल्या मापाशी ताडून घ्या.