घरची शाळा आणि कायद्याचे मौन

हैदराबादचे दिलसुखनगर आज शिकवण्यांची बाजारपेठ म्हणून ओळखले जाते. मेट्रोच्या स्थानकातून बाहेर पडताच इमारतींच्या माथ्यांपासून विजेच्या खांबांपर्यंत फलकांची दाटी दिसते. अभियांत्रिकीची प्रवेशपरीक्षा, वैद्यकीची प्रवेशपरीक्षा, सरकारी नोकऱ्यांच्या परीक्षा, संगणकाचे तीन महिन्यांचे अभ्यासक्रम आणि या सर्वांच्या आश्रयाने वाढलेली वसतिगृहे असा तेथला पसारा आहे. हैदराबादेत मूल सहावीत गेले की त्याच्या आयआयटीचा ‘पाया’ घालणारे वर्ग शोधले जातात. अशा वस्तीतील एखाद्या ख्रिस्ती कुटुंबाने आपली मुले शाळेतच घालावयाची नाहीत, घरीच शिकवावयाची, आणि गणितापासून इतिहासापर्यंत प्रत्येक विषय बायबलच्या दृष्टीतूनच शिकवावयाचा असा निश्चय केला, तर शेजारीपाजारी त्यास वेड्यात काढतील. आम्ही तसे करू इच्छीत नाही. अशी कुटुंबे भारताच्या मोठ्या शहरांत थोडी का होईना आहेत, आणि त्यांनी उपस्थित केलेला प्रश्न केवळ ख्रिस्ती समाजापुरता नाही.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की श्रद्धा हा रविवारच्या एका तासाचा विषय नव्हे. अनुवाद ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात आईबापांना आज्ञा आहे ती मुलांना घरी बसता, वाटेने चालता, निजता-उठता देवाचे नियम शिकविण्याची. ही आज्ञा आईबापांना आहे, शाळामास्तरांना नाही. शाळा दिवसाचे सहा-सात तास मुलाला ताब्यात घेते, शिकवणीवाले आणखी चार घेतात. उरलेल्या वेळात आईबापांनी काय आणि कसे शिकवावे? हा युक्तिवाद ऐकून त्यात खोट काढणे आम्हास तरी सोपे वाटत नाही. बायबलच्या जागी गीता वा कुराण ठेवा, किंवा कोणताच ग्रंथ ठेवू नका. तक्रार तीच राहते.

गोव्यातील वाचकास मात्र हा प्रकार काहीसा परका वाटेल. येथील कॅथलिक घरांत तिन्हीसांजेला तेर्स होतो, मुले दोतोर्नीला जातात आणि सोमवारी बिनतक्रार शाळेत बसतात. ती शाळाही बहुधा चर्चचीच असते. ज्या पंथाने आपल्या शाळा उभारल्या त्याला घरच्या शाळेची निकड भासत नाही. हैदराबादेतही सेंट जॉर्जेस ग्रामर स्कूल १८३४ साली आणि ऑल सेंट्स १८५५ साली सुरू झाले. घरच्या शाळेची आजची चळवळ मुख्यतः अमेरिकेतील प्रॉटेस्टंट कुटुंबांतून, गेल्या शतकाच्या आठव्या-नवव्या दशकांत बळावली. १९९३ पर्यंत तेथील पन्नासही राज्यांत घरी शिकविणे कायदेशीर ठरले होते. तिच्याबरोबर तयार अभ्यासक्रमही निघाले, आणि त्यांपैकी काहींत सृष्टी सहा दिवसांत घडली हेच विज्ञान म्हणून शिकविले जाते. (उत्क्रांतीपासून मुलाला दूर ठेवण्यासाठी आपल्याकडे त्याला घरी बसविण्याचीही फारशी गरज उरलेली नाही. २०२३ साली केंद्राच्या अभ्यासक्रम परिषदेने दहावीच्या पुस्तकातून तो भाग वगळलाच आहे!)

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या दहाव्या कलमाने सहा ते चौदा वर्षांच्या मुलास शेजारच्या शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य ठरविले. परंतु ते न पाळणाऱ्या पालकास कोणतीही शिक्षा सांगितली नाही. २०१२ साली दुरुस्ती होऊन मदरसे, वैदिक पाठशाळा आणि प्रामुख्याने धर्मशिक्षण देणाऱ्या संस्था या कायद्यातून वगळण्यात आल्या. म्हणजे संस्था धर्म शिकवीत असेल तर तिला सूट आहे, आणि आई घरी शिकवीत असेल तर तिचा उल्लेखही नाही. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयात एका विद्यार्थिनीच्या याचिकेत केंद्र सरकारने प्रतिज्ञेवर सांगितले, की स्वेच्छेने घरी शिकविणाऱ्या पालकांच्या आड हा कायदा येत नाही. पुढे सरकार त्या म्हणण्यावर ठाम राहिले नाही. अशा संदिग्धतेत सुस्थित पालकाचे फारसे बिघडत नाही. त्याचे मूल चौदाव्या वर्षी राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या दहावीला बसते किंवा केंब्रिजची परीक्षा देते. मुंबईच्या मालविका जोशीला सातवीनंतर आईने शाळेतून काढले. दहावी-बारावीच्या प्रमाणपत्रांवाचून, संगणकशास्त्राच्या ऑलिंपियाडमधील पदकांच्या बळावर तिला २०१६ साली अमेरिकेतील एमआयटीत प्रवेश मिळाला. तथापि ऑलिंपियाडची पदके घरोघरी येत नाहीत.

मग सरकारने सरळ सक्ती करून मोकळे का होऊ नये, असे कोणी विचारील. येथे गोमंतकीयांना आणि हैदराबादकर मराठी माणसांना आपापला इतिहास आठवावा लागेल. १५५९ साली पोर्तुगीज राजसत्तेने आईबाप व आजा-आजी नसलेली हिंदू मुले जेझुइटांच्या सेंट पॉल महाविद्यालयाच्या स्वाधीन करण्याचा हुकूम काढला. तेथे त्यांना बाप्तिस्मा देऊन वाढविण्यात येई. मुलाच्या मनावर राज्याचा हक्क पहिला, हे तत्त्व तेव्हा इतक्या उघडपणे सांगितले गेले. हैदराबाद संस्थानात १९२४ साली निजाम सरकारने खासगी शाळांवर निर्बंध घातले आणि पूर्वपरवानगीवाचून शाळा काढणे अवघड करून ठेवले. उर्दू ही जेथे राज्याची भाषा होती तेथे मराठी आणि तेलुगू मुलांनी आपल्या भाषेत शिकावयाचे ते बहुतांशी अशा खासगी शाळांतच. त्या काळी ओसरीवर चार मुले जमवून बाराखडी शिकविणारा पंतोजीही सरकारी संशयाला पात्र ठरत असे. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी तसे मराठी टिकविले त्यांनी आज घरी शिकविणाऱ्या आईबापांमागे पोलीस लावा असे म्हणणे शोभणार नाही.

परंतु आईबापांचा हक्क मान्य केल्याने प्रश्न सुटतो असेही नाही, आणि याचा सर्वांत बोलका दाखला मराठी ख्रिस्ती परंपरेतच आहे. पंडिता रमाबाई या घरच्या शाळेच्या विद्यार्थिनी. अनंतशास्त्री डोंगरे यांनी प्रथम पत्नीला संस्कृत शिकविले, त्यासाठी लोकांचा रोष पत्करून गंगामूळच्या रानात बिऱ्हाड केले. आणि पुढे त्या माऊलीने तीर्थयात्रांच्या वाटेवर मुलीला पुराणे पढविली. ऐहिक विद्या शिकविली तर मुले संसाराच्या नादी लागतील, परक्यांच्या संगतीने बिघडतील, अशी या आईबापांची भीती होती, असे रमाबाईंनी १९०७ च्या आपल्या आत्मनिवेदनात नमूद केले आहे. आज बायबल हाती धरून घरी शिकविणारे पालक जे बोलतात त्याहून यात काही निराळे आहे काय? परिणाम दोन झाले. १८७४ च्या दुष्काळात आईबाप गेले तेव्हा पोट भरण्याची कोणतीही विद्या मुलांच्या हाती नव्हती. आणि चारच वर्षांनी, १८७८ साली, त्याच घरच्या शिक्षणाच्या बळावर कलकत्त्याच्या विद्वानांनी वीस वर्षांच्या या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

पुढे १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे रमाबाई ख्रिस्ती झाल्या. ज्या शास्त्राच्या कुंपणात त्या वाढल्या त्याच्याबाहेर त्या स्वतःच्या बुद्धीने आल्या. लगेचच दुसरा झगडा उभा राहिला. त्यांची कन्या मनोरमा वाँटेजच्या भगिनींच्या देखरेखीखाली होती, आणि तिला धर्म कसा शिकवावा यावरून माता व त्या भगिनी यांत तीव्र मतभेद झाले. त्रैक्यासारखे जे सिद्धान्त रमाबाईंच्या स्वतःच्या मनाला तेव्हा पटले नव्हते ते आपल्या मुलीवर बिंबविण्यास त्यांनी हरकत घेतली आणि आईचा अधिकार बजावला. हा पत्रव्यवहार १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला असून जिज्ञासूंनी तो मुळातून वाचावा. मग १८९३ साल उजाडले. पुण्यात शारदा सदनातील हिंदू मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो असा गवगवा झाला, रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळ सोडले, पालकांनी मुली काढून नेल्या. मुलीला काय शिकवावे हे आईने ठरवावे, असे वाँटेजला म्हणणाऱ्या रमाबाईंना पुण्यात तोच दावा पालकांच्या तोंडून ऐकावा लागला. एकाच स्त्रीच्या आयुष्यात मूल, आई आणि शिक्षिका या तिन्ही नात्यांनी हा प्रश्न येऊन गेला, आणि तिन्ही वेळी न्याय निरनिराळ्या बाजूला होता.

परदेशांतील न्यायालयांनाही हे कोडे एकसारखे सुटलेले नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली आमिश पंथाच्या पालकांना आठवीनंतर मुले शाळेत न पाठविण्याची मुभा दिली. उलट जर्मनीतील एका ख्रिस्ती दाम्पत्याची घरी शिकविण्याची मागणी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००६ साली नामंजूर केली. निरनिराळ्या मतांच्या मुलांनी एकत्र शिकण्यात समाजाचे हित आहे, या जर्मन न्यायालयांच्या विचाराला त्याने मान्यता दिली. आम्हास अधिक मोलाचे वाटते ते १९७२ च्या खटल्यातील न्यायमूर्ती डग्लस यांचे अंशतः भिन्न मत. राज्य बोलले, पालक बोलले, पण मुलाला कोणी विचारले काय, अशी त्यांची पृच्छा होती.

आमचे मत असे आहे. दिलसुखनगरच्या शिकवणीवर्गांपेक्षा आईच्या हातून वाचायला शिकणारे मूल अधिक दुर्दैवी आहे असे मानण्यास आधार नाही. त्याच्या घरात प्रार्थना होते की आरती, याच्याशी सरकारला कर्तव्य नाही. परंतु ते मूल चौदाव्या वर्षी आपल्या प्रांताची भाषा वाचू शकते की नाही, हिशेब करू शकते की नाही, शास्त्रज्ञ जगाविषयी काय म्हणतात हे त्याच्या कानी गेले आहे की नाही, आणि घराबाहेरच्या, परधर्मीय अशा चार मुलांशी त्याची मैत्री आहे की नाही, हे पाहणे राज्याचे काम आहे. केंद्राने शिक्षणहक्क कायद्यात घरच्या शाळेचा स्पष्ट उल्लेख करावा, पालकांना साधी नोंदणी करावयास लावावी, वर्षातून एकदा मुलाची भेट घेऊन त्याच्याशी एकट्याने बोलण्याची तरतूद करावी आणि मुक्त विद्यालयाच्या परीक्षांचे दार त्यास खुले ठेवावे. ही भेट घेणारा अधिकारी शिक्षक असावा, तहसीलदार नव्हे. आणि भेटीचा अहवाल पालकांच्या धर्माचा रकाना न ठेवता लिहिला जावा.