पाहुणे गुरू येऊन गेले, पण सोमवारी क्लासमध्ये काय बदललं?

(भागाचं शब्दांकन. बोलण्यातले 'अ‍ॅक्च्युअली' तेवढे कमी केलेत, बाकी जसंच्या तसं.)

तुम्ही कराटे-ज्युदोच्या क्लासला जात असाल, किंवा मुलांना सोडायला जात असाल, तर हा मेसेज ओळखीचा असेल: रविवारी सेमिनार, दुसऱ्या शैलीचे मोठे गुरू येणार, फी अमुक. दोन-तीन तास सराव, ग्रुप फोटो, सर्टिफिकेट. आता प्रश्न असा, की यातून क्लास खरंच काही शिकतो का?

उत्तरासाठी शंभर वर्षं मागे, टोकियोला जाऊया.

जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोदोकान ही ज्युदोची शाळा काढली. ते स्वतः तेनजिन शिन्यो आणि कितो या जुजुत्सूच्या दोन जुन्या शैली शिकलेले. म्हणजे ज्युदो मुळातच उसनवारीतून उभा राहिलाय. पण कानोंनी त्याला एक कसोटी लावली: रांदोरी. समोरचा पूर्ण ताकदीने विरोध करतोय, आणि तरीही तुम्ही त्याला फेकू शकता का? रोज, आणि कोणाचे हातपाय न मोडता? जे डाव असे खेळता येत नाहीत, ते कातामध्ये, म्हणजे आधीच ठरलेल्या हालचालींच्या सरावात ठेवायचे.

आता १९२२. ओकिनावाचे एक शाळामास्तर, गिचिन फुनाकोशी, कराटे दाखवायला टोकियोत आले. शिक्षण खात्याचं शारीरिक शिक्षणाचं प्रदर्शन होतं. कानो तेव्हा साठी ओलांडलेले, ऑलिम्पिक समितीचे सदस्य. तरी त्यांनी या फारशा माहीत नसलेल्या माणसाला कोदोकानमध्ये बोलावलं आणि आपल्या लोकांसमोर कराटे दाखवायला सांगितलं.

पुढे काय झालं ते बघा. कराटेचे ठोसे आणि लाथा ज्युदोच्या रांदोरीत आल्या का? नाही, आजही नाहीत. कारण सरळ आहे: पूर्ण ताकदीने मारलेला ठोसा रोजच्या सरावात परवडत नाही. प्रहारांची जागा कातामध्येच राहिली. म्हणजे पाहुण्याकडून काय घ्यायचं आणि ते कुठे ठेवायचं, हे पाहुण्याच्या मोठेपणावर ठरत नाही. आपल्या सरावाच्या पद्धतीवर ठरतं. आमच्याकडे ऑफिसात बाहेरचं कोड कितीही भारी असो, आपल्या टेस्ट पास झाल्याशिवाय प्रॉडक्शनला जात नाही. तसंच हे.

देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली. कराटेने ज्युदोकडून पांढरा पोशाख आणि दानची, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या पायऱ्यांची पद्धत घेतली. फुनाकोशींनी पहिले दान दिले ते १९२४ मध्ये. आज कराटेचं चित्र काढायला सांगितलं तर आपण जे काढू, त्यातलं बरंचसं ज्युदोकडून आलंय!

दुसरं उदाहरण अजून बोलकं आहे. १९३० मध्ये कानोंनी मोरिहेई उएशिबा यांची कला पाहिली. हीच पुढे आयकिडो झाली. ती पाहून कानोंनी सेमिनार भरवला नाही. मिनोरू मोचिझुकींसारखे तयार शिष्य त्यांच्याकडे शिकायला पाठवले. केन्जी तोमिकी हे आणखी एक नाव, ज्युदो आणि आयकिडो दोन्हींत मुरलेले. १९५६ मध्ये कोदोकानने स्वसंरक्षणाचा २१ डावांचा नवा काता आणला, त्यात तोमिकींचा मोठा वाटा होता. १९३० ते १९५६, हिशोब करा. सव्वीस वर्षं!

याची किंमतही असते बरं का. हिरोनोरी ओत्सुका जुजुत्सू शिकलेले, नंतर फुनाकोशींचे शिष्य झाले. त्यांना कराटेत जोडीने, मोकळेपणाने लढायचा सराव हवा होता. गुरूंचा भर काताच्या शिस्तीवर. शेवटी ओत्सुकांनी वेगळी वाट धरली आणि वादो-र्‍यू शैली जन्माला आली. बाहेरचं शिकणं गंभीरपणे घेतलं तर घरात मतभेद होऊ शकतात. फोटोपुरतं घेतलं तर अर्थातच काही होत नाही.

मग रविवारच्या सेमिनारचं काय? वाईट नाही. नवीन हालचाल बघणं, दुसऱ्या शैलीच्या माणसाकडून हरणं, दोन्ही चांगलंच. धोका एकाच ठिकाणी आहे: खोटा आत्मविश्वास. दोन तासांत 'चाकू हिसकावणं' शिकलेली मुलगी किंवा मुलगा खरंच तसा प्रसंग आला तर पळायचं सोडून थांबला, तर? समोरचा सहकार्य करत असताना जमलेला डाव म्हणजे आलेला डाव नव्हे.

म्हणून आपल्या सरांना तीन प्रश्न विचारा, आदराने. सेमिनारमधलं नेमकं काय आपण पुढे चालू ठेवणार? त्याचा सराव विरोध करणाऱ्या जोडीदारासोबत होणार का? आणि आपल्यापैकी कोणी त्या गुरूंकडे जाऊन नीट शिकणार आहे का? चांगले सर या प्रश्नांनी चिडत नाहीत, उलट खूश होतात.

तुमच्या क्लासमध्ये बाहेरून आलेलं काय टिकलं, ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!