आधी माती उतरवा!

कॉलेज सोलापुरात आणि गावाकडं आजोबांचं माळवदाचं घर, अशी आपल्यापैकी अनेकांची गोष्ट. आमच्या घरी दर मे महिन्यात एकच खोली दुरुस्त होते. पैसे तेवढेच असतात ना!

यंदा मला वाटलं, पांढऱ्या मातीचा नवा थर दिला की झालं. गवंडीकाका म्हणाले, "आधी जुनी माती उतरवा." थरावर थर चढवला की गळती थांबते, पण ओझं वाढत जातं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात अशीच दगडमातीची घरं कोसळून हजारो माणसं गेली. जाड भिंतींचे आतले-बाहेरचे दगड एकमेकांत गुंतवलेले नव्हते, त्यात वर मातीचं वजन. पुढं भीतीनं कित्येकांनी माळवदं पाडून पत्रे टाकले.

आम्ही माती उतरवली, वाळवीनं खाल्लेली तुळई बदलली, भिंतीत आरपार लांब दगड बसवले. सिमेंटखाली मातीतली ओल कोंडते, म्हणून गिलावा चुन्याचा. वर मातीचा पातळ थर.

आता बाहेर रणरणतं ऊन असलं तरी आत गारवा असतो. पुढची खोली पुढच्या मेमध्ये. तुमच्या माळवदावर किती थर चढलेत? या सुट्टीत आजीला विचाराच!