हिस्लॉप मास्तरांचं नागपूर

कोरियात इंग्रजी शिकवायला गेलेल्या परदेशी मास्तरांचे व्हिडिओ आपण आवडीने बघतो. पण आपल्या नागपुरातही असा एक मास्तर होऊन गेला, हे हिस्लॉप कॉलेजसमोरून रोज जाणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक असेल?

स्टीफन हिस्लॉप मूळचे स्कॉटलंडचे. मिशनरी म्हणून 1845 मध्ये नागपुरात आले, तेव्हा गादीवर तिसरे रघूजी भोसले होते. पुढच्याच वर्षी त्यांनी इथे इंग्रजी शाळा काढली. धर्मप्रसार हा हेतू होताच, तो लपवायचं कारण नाही.

मला मात्र शाळेबाहेरचे हिस्लॉप जास्त आवडतात. टाकळीच्या बाजूला फिरताना लाव्हाच्या दोन थरांमध्ये दबलेला गाळाचा पातळ थर ते तपासत. त्यात दगड झालेले शंख, बिया आणि फळं मिळत. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेला नागपूरच्या भूशास्त्रावरचा लेख 1855 मध्ये लंडनला छापून आला. मांगलीला सापडलेल्या एका प्राचीन उभयचराच्या कवटीला रिचर्ड ओवेन यांनी ‘ब्रॅकिऑप्स’ नाव दिलं.

सप्टेंबर 1863 मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून आणि बोरीची शाळा तपासून ते रात्री एकटेच घोड्यावरून निघाले. पावसाळ्याचे दिवस, नाला फुगलेला. त्यातच ते बुडाले.

गोंड समाजाबद्दलची त्यांची टिपणं रिचर्ड टेम्पल यांनी 1866 मध्ये प्रसिद्ध केली. कॉलेजला त्यांचं नाव लागलं ते 1883 मध्ये.