पावसाचा हिशेब आणि गप्प बसलेले गुरुजी

शाळा सुरू झाली की स्टेशनरीच्या दुकानात ‘प्रकल्प’ तयार मिळतो. कापसाचे ढग, थर्माकोलची विहीर, वर चमकीत ‘जलचक्र’. चिकटवतात आई-बाबा, सही करतो शिक्षक. ऑगस्ट २०१० मध्ये राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. आकारिक मूल्यमापनाच्या आठ साधनांत प्रकल्पालाही जागा मिळाली, आणि बहुतेक शाळांत तो नोंदवहीतला एक रकाना होऊन बसला.

धडा संपल्यावर करायची सजावट म्हणजे प्रकल्प नव्हे. आधी प्रश्न, मग त्याच्या मागे लागून धडा. अमेरिकेत विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ साली प्रकल्प पद्धतीवर निबंध लिहिला. आपल्याकडे १९३७ च्या वर्धा परिषदेतून गांधीजींची, कामातून शिकवणारी नई तालीम पुढे आली. डी.एड.ला दोन्हींवर टिपा लिहून आम्ही पास झालो. वर्गात नेमकं काय करायचं, ते मात्र मला आमच्याच नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारकडे बघून उमगलं.

सरपंचपद सांभाळलेल्या पोपटराव पवारांच्या या गावात पावसाळा सरला की पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस मोजायचा, आधी माणसांचं आणि जनावरांचं पाणी बाजूला काढायचं, उरेल त्यावर रब्बीची पिकं ठरवायची. शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी, उसाला बंदी. गावच दरवर्षी गणित सोडवतं. मग ते आमच्या सातवीच्या वर्गात का नको?

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरवर एक लिटर, हेक्टरवर दहा हजार लिटर. हिवरे बाजारचं क्षेत्र साधारण ९७५ हेक्टर, पाऊस ४०० मिलिमीटर धरला तर ३९० कोटी लिटर. फळ्यावर एवढी शून्यं बघून वर्ग खूश झाला. मागून प्रश्न आला, “सर, इतकं पाणी पडतं, तर मग गावोगाव टँकर का येतात?”

इथे शिक्षकाने तोंड बंद ठेवायचं असतं. या पद्धतीत सगळ्यांत अवघड काम हेच. बाष्पीभवन, वाहून जाणं, मुरणं, काळा पाषाण हे सगळं जिभेवर तयार असतं. सांगून टाकलं की प्रश्न मेला. मी गप्प राहिलो, तेव्हा मुलंच ओढ्याकडे गेली. बाटली कापून पर्जन्यमापक केला. तिचा तळ खोलगट, म्हणून सपाट भागापर्यंत आधीच पाणी भरून तिथे शून्याची खूण केली. मोटारीखाली २०० लिटरचा ड्रम लावला, ८० सेकंदांत भरला. तासाला ९,००० लिटर! गुणोत्तर-प्रमाण तिथे बांधावरच शिकून झालं. त्याच रात्री एका घरी कांदा किती लावायचा यावर बापलेकीचा वाद झाल्याचं कानावर आलं.

सगळंच असं शिकवावं, असं मला वाटत नाही. पाढे पाठच करावे लागतात. वाचायला अडखळणाऱ्या मुलाला आधी वाचतं करावं लागतं. शिवाय ओढ्यावर दुपार गेली की वेळापत्रक कोलमडतं, आणि तपासणीला आलेले साहेब विचारतात, पोर्शन कुठवर आला?

सध्या आमच्या गावाचा ताळेबंद मांडताना वर्ग अडलाय तो एका मुलीच्या प्रश्नावर: बोअरचं पाणी जमेत धरायचं का? ते मुरलेल्या पावसाचंच असेल, तर दोनदा मोजलं जाईल. त्यासाठी आधी गावातले बोअर मोजायला हवेत. सातबाऱ्यावर सगळ्यांची नोंद नसते, म्हणून मुलं घरोघर विचारत फिरतात. काही घरी आकडा कमीच सांगतात.