पत्रा का उडतो?

वळवाच्या पावसाआधी वारा सुटला की सोलापुरात कुणाच्या तरी घराचे पत्रे उडतातच. म्हणून लोक पत्र्यावर दगड ठेवतात. मित्रांनो, जरा हिशोब करू या.

वाऱ्याचा दाब म्हणजे 0.6 गुणिले वेगाचा वर्ग (आयएस 875). ताशी 100 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 28 मीटर. दाब आला चौरस मीटरला 470 न्यूटन, साधारण 47 किलो वजनाइतका! छपरावरून जाणारा वारा पत्रा वर ओढतो, दारातून शिरलेला खालून ढकलतो. 0.5 मिलिमीटरच्या पत्र्याचं वजन मात्र चौरस मीटरला चार-पाच किलोच. दोन-चार दगडांनी काय होणार? उलट पत्रा उचलला की तेच दगड खाली झोपलेल्यांच्या अंगावर येतात.

तेव्हा पत्रा घेताना नुसती जाडी बघू नका. जे-हुक जास्त घ्या. कडेला आणि कोपऱ्यात ते जवळजवळ लावा, कारण ओढ तिथेच सर्वांत जास्त असते. भोक पन्हाळीच्या उंचवट्यावर पाडा, खाली बिटुमेन वॉशर हवाच, नाहीतर गळती आणि गंज ठरलेला. आणि ज्या अँगलला हुक अडकवायचा, तो भिंतीत पक्का बसवलेला हवा.

सुट्टीत घरी गेलात की दगड मोजू नका, हुक मोजा.