पाकिटावरचा पक्षी

मसाला-पापडाचं काम सुरू झालं की बचत गटाच्या बैठकीत हमखास विषय निघतो, पाकिटावर चित्र कोणतं घालायचं? कुणी म्हणतं कमळ, कुणी म्हणतं मोर. आज एका पक्ष्याची गोष्ट सांगते.

नदीकाठी, विहिरीवर तुम्ही खंड्या पाहिला असेल. निळे पंख, लांब चोच. मूठभर जीव, पण पक्का शिकारी. मासा दिसला की सूर मारलाच. इंग्रजीत त्याला किंगफिशर म्हणतात. बंगळूरच्या एका बिअर कंपनीने हाच पक्षी आपली खूण केला. २००५ साली त्याच उद्योगसमूहाची विमानं सुरू झाली, त्यांच्यावरही खंड्याच होता. मुंबई उपनगरात, विलेपार्ल्याला विमानतळाजवळ त्यांची इमारत होती, किंगफिशर हाउस.

आपण अडचणीला दागिने गहाण ठेवतो ना? या विमान कंपनीने कर्जासाठी आपलं नाव आणि उडत्या पक्ष्याचं चित्रही बँकांकडे तारण ठेवलं. तेव्हा या नावाची किंमत चार हजार कोटींच्या वर धरली होती. पुढे तोटा वाढला, कर्मचाऱ्यांचे पगार महिनोन्‌महिने थकले. ऑक्टोबर २०१२ मध्ये विमानं थांबली. एप्रिल २०१६ मध्ये बँकांनी ते नाव आणि चित्र लिलावात काढलं. बोली ३६६ कोटी ७० लाखांपासून होती. एकही गिऱ्हाईक आलं नाही.

पक्षी तोच, रंग तोच. मग किंमत गेली कुठे? ती लोकांच्या भरवशात होती. भरवसा गेला, कागदावर नुसतं चित्र उरलं.

आता लिज्जत पापड बघा. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन काम सुरू केलं. त्यांच्या जाहिरातीतला ससा पोराटोरांना ठाऊक आहे. पण बाई दुसऱ्यांदा पाकीट घेते, ती मागचा पापड चांगला निघाला म्हणून.

तुम्हीही चित्र जरूर निवडा. फक्त दुसऱ्याचं उचलू नका. आपल्या चित्राची ट्रेडमार्क म्हणून नोंदणी करता येते. ती १० वर्षं चालते, नंतर फी भरून वाढवता येते.

आणि चित्राच्या आधी बैठकीच्या वहीत तीन गोष्टी लिहा: वजन पुरं, माल ताजा, राबणारीचा पैसा वेळेवर. हे सांभाळलंत, तर पाकिटावर चिमणी काढलीत तरी गिऱ्हाईक तिला ओळखेल.